ब्लूगिल-क्रॅपीसाठी जिवंत गांडूळ की प्लास्टिकचं जिग? जरा सविस्तर सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: "काका, आम्ही नुकतेच मिशिगनमध्ये नोव्हायला शिफ्ट झालोय, मुलं ६ आणि ९ वर्षांची. जवळच्या केन्सिंग्टन पार्कच्या तलावावर जाऊन ब्लूगिल, क्रॅपी, पर्च असले छोटे मासे पकडायचेत, इथे सगळे पॅनफिश म्हणतात ते. दुकानात गेलो तर एका बाजूला जिवंत गांडुळांचे डबे आणि दुसऱ्या बाजूला रंगीत प्लास्टिकच्या नकली आमिषांची भिंतच्या भिंत. कसं ठरवायचं? शिवाय बायको म्हणते फ्रीजमध्ये किडे दिसले तर मी पण बाहेर."

काका म्हणालायस तर मी पण सरळ अरे-तुरेवर येतो. एका ओळीत उत्तर हवं असेल तर घे: मुलं सोबत आहेत आणि जून महिना आहे, तर गांडूळ, विषय संपला. पण तू "कसं ठरवायचं" असं विचारलंयस, आणि मी गेली बावीस वर्षं मिशिगनमध्ये हाच उद्योग करतोय, उन्हाळ्यात काठावरून आणि हिवाळ्यात बर्फावर बादली उपडी टाकून, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे जिवंत की नकली हा भांडणाचा विषय डोक्यातून काढ. माशाला त्याचं काही पडलेलं नसतं. त्याच्या दृष्टीने दोनच गोष्टी, हे माझ्या तोंडात मावतंय का आणि हे बघायला मला किती वेळ मिळतोय. सगळी निवड या दोन गोष्टींवरून होते, बाकी रंग, वास, चमक हे नंतरचं.

तोंडाचं आधी सांगतो कारण नव्वद टक्के नवीन लोक इथेच फसतात. चांगला नऊ इंची ब्लूगिल घेतलास तरी त्याच्या तोंडात तुझ्या करंगळीचं टोक जेमतेम जाईल. आणि दुकानातल्या नवशिक्यांच्या किटमध्ये गळ येतात २ नाहीतर ४ नंबरचे (नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे उलटं गणित लक्षात ठेव). त्यावर आख्खा नाईटक्रॉलर, म्हणजे पेन्सिलीएवढं जाड गांडूळ, लोंबत सोडायचं आणि मग दिवसभर बॉबर (पाण्यावरचा तरंगा) नाचतोय, नाचतोय, ओढलं की गळ धुतल्यासारखा स्वच्छ. मी पहिला आख्खा उन्हाळा असाच घालवला. सांगलीला कृष्णेवर बांबूची काठी, तंगूस आणि मोरपिसाच्या काडीचा तरंगा घेऊन चिलाप्या काढत मोठा झालेला माणूस मी, मला वाटायचं मला सगळं येतं.

शेवटी एका दुपारी वैतागून पोलराइज्ड गॉगल लावला आणि डॉकवर पालथा पडून खाली पाण्यात बघत बसलो, हातात नुसती दोरी. तेवढ्या अर्ध्या तासात जे कळलं ते तोपर्यंतच्या आख्ख्या सीझनमध्ये कळलं नव्हतं. ब्लूगिल आमिषापाशी येतो आणि चार बोटं लांब थांबतो. कल्ल्यामागचे पंख हळूहळू हलवत जागच्या जागी उभा, मंडईत वांगं उलटंसुलटं करून बघणाऱ्या आजोबांसारखा. मग तोंड फट्कन उघडतो आणि पाण्यासकट वस्तू आत ओढून घेतो. तो चावत नाही, ओढून घेतो. आवडलं नाही तर तितक्याच वेगात थुंकतो. हे सगळं इतक्या पटकन होतं की वर बॉबर नुसता थरथरतो, बुडत पण नाही. आणि माझं ते लांबलचक गांडूळ? त्याची लोंबणारी शेपटी तेवढी ओढून तोडून न्यायचे, गळापर्यंत कुणी पोचतच नव्हतं.

तर आता गळ ८ किंवा १० नंबरचा, बारीक तारेचा, लांब दांडीचा. लांब दांडी कशासाठी तर काढताना धरायला मिळते, छोट्या तोंडातून छोटा गळ काढणं ही कसरत असते. आणि गांडुळाचा तुकडा फार तर पाऊण इंच, गळावर मोज्यासारखा चढवायचा, टोकाला अगदी थोडं वळवळायला मोकळं सोडायचं. बस. हे एक केलंस तरी तुझं निम्मं काम झालं.

आता वेळेचं. जिवंत आमिषाचा खरा फायदा वळवळ हा नाहीये, लोक तसं समजतात. फायदा असा की ते तोंडात गेल्यावर खरं लागतं, मासा ते सेकंदभर जास्त धरून ठेवतो, आणि सहा वर्षांच्या पोराला "बाबा बुडाला!" ओरडून काठी उचलायला तेवढा सेकंद लागतो. प्लास्टिक तोंडात गेलं की त्याला लगेच कळतं, थुंकून मोकळा. म्हणजे प्लास्टिकवर मासा पकडायचा तर तुझं लक्ष पूर्ण दोरीवर हवं, किंवा मग आमिष असं चालतं ठेवायचं की त्याला वांगं निरखायला वेळच मिळू नये, जातंय जातंय म्हणून त्याने झडप घालावी.

म्हणून सगळा खेळ पाण्याच्या तापमानावर येतो. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याची पचनशक्ती मंदावते, भूक कमी, पळायची इच्छा शून्य. पाणी ५० फॅरनहाइटच्या खाली असेल, म्हणजे आपल्या १० सेल्सिअसच्या आत, तर त्याला झडप वगैरे काही घालायची नसते. आमिष त्याच्या नाकासमोर नुसतं लटकत राहिलं पाहिजे, आणि नुसतं लटकण्यात जिवंत अळीच्या पुढे प्लास्टिक कमी पडतं. पाणी ६५-७० च्या वर गेलं की चित्र पालटतं. मासा भुकेला, एकमेकांत स्पर्धा, तेव्हा प्लास्टिक जोरात चालतं आणि वर तुझा वेळ वाचतो, कारण दर माशाला नवीन गांडूळ लावत बसायला नको. मी जुलैमध्ये एकाच दीड इंची प्लास्टिकवर वीस-पंचवीस मासे काढलेत, नंतर त्याची शेपटी गेली होती तरी घेत होते. एक छोटा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडायची सवय लाव, दुकानातल्या अर्ध्या रंगीत वस्तूंपेक्षा जास्त कामाला येतो.

जिवंत आमिषात काय काय मिळतं ते सांगतो, सगळ्यावर सारखं बोलत नाही. नाईटक्रॉलर म्हणजे मोठं गांडूळ, तुकडे करून वापरायचं, सगळीकडे मिळतं. रेड वर्म किंवा रेड विगलर म्हणून बारीक लालसर गांडूळ मिळतं, आणि ते हातात घेतलंस तर ओळखीचं वाटेल, कारण गांडूळखताच्या बेडमध्ये आपल्याकडे शेतकरी सोडतात त्यातलंच हे, आयसेनिया फेटिडा. गळ टोचला की पिवळट उग्र वासाचा रस सोडतं, तो वास बोटांना संध्याकाळपर्यंत राहतो, माशांना मात्र त्याचं काही वाटत नाही. गरमीत नाईटक्रॉलरपेक्षा हे जास्त तग धरतं, म्हणून ऑगस्टमध्ये मी हेच घेतो. वॅक्सवर्म म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या पतंगाची अळी, पांढरी, गुबगुबीत, भुशात घालून छोट्या डबीत मिळते. ब्लूगिलसाठी माझ्या मते याच्याइतकं चांगलं काही नाही, साईज आयती त्याच्या तोंडाची. पण त्वचा नाजूक, एका माशाला एक जाते. स्पाइक म्हणजे माशीची अळी, त्याहून बारीक पण चिवट, बर्फावरच्या मासेमारीला उत्तम. मीलवर्म ठीक आहे. क्रिकेट म्हणजे रातकिडे दक्षिणेकडच्या राज्यांत खूप वापरतात, इकडे फार नाही.

मिन्नो, म्हणजे छोटी जिवंत मासळी, ही क्रॅपी आणि पर्चची गोष्ट. क्रॅपीचं तोंड ब्लूगिलपेक्षा बरंच मोठं, पण ओठांची कातडी कागदासारखी पातळ, जोरात झटका दिलास तर फाटून मासा निसटतो, त्याचं एक टोपणनावच पेपरमाउथ आहे. त्याला गळ ४ किंवा ६ नंबरचा, दीड-दोन इंची मिन्नो, वरच्या पंखाच्या जरा खाली हलकेच टोचलेली, आणि उचलायचं ते झटका न देता, नुसतं काठी वर घेत. आणखी एक, क्रॅपीची नजर वरच्या बाजूला असते, त्यामुळे आमिष तो आहे त्याच्या थोडं वरच ठेवायचं. खाली गेलं तर त्याला पत्ताच नाही. गांडूळ क्रॅपी फारसं मनावर घेत नाही, घेतो कधीकधी, पण त्या भरवशावर बसू नकोस.

मिन्नोची कटकट मात्र आहे. बादली, हवेचा पंप, उन्हात पाणी तापलं की दुपारपर्यंत निम्म्या मिन्नो पोट वर करून तरंगायला लागतात. म्हणून क्रॅपीसाठी मी स्वतः शंभरातल्या नव्याण्णव वेळा प्लास्टिककडेच वळतो. क्रॅपी हा मुळात छोट्या माशांमागे लागणारा मासा, आणि दोन इंची पांढरं ट्यूब जिग (वजनाच्या गळावर चढवलेली प्लास्टिकची नळी) पाण्यात हुबेहूब तसंच दिसतं. इथे जिवंतचा फायदा मला फार कमी दिसतो, एप्रिलमधलं अगदी गार पाणी सोडलं तर.

प्लास्टिककडे आलोच आहोत तर त्या भिंतीपुढे उभं राहून काय घ्यायचं ते सांगतो. जिग म्हणजे डोक्याला शिसं किंवा टंगस्टनचं वजन असलेला गळ, त्यावर प्लास्टिकचं अंग चढवायचं. लोक रंगावर तासभर घालवतात आणि वजन बघतच नाहीत, मी म्हणतो उलटं कर. ब्लूगिलला एक चौसष्टांश औंस, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्याही आत, क्रॅपीला एक बत्तिसांश, म्हणजे ग्रॅमभराच्या आसपास. जितकं हलकं तितकं सावकाश खाली जातं, आणि बरेचसे मासे जिग खाली जात असतानाच घेतात. जड जिग दगडासारखं तळाला जातं, त्याच्या मागे कोण धावणार. मग एवढं हलकं फेकायचं कसं, तर ४ पौंडी बारीक दोरी आणि साडेपाच-सहा फुटी अल्ट्रालाइट रॉड, किंवा सरळ वर एक छोटा बॉबर लावायचा, वजन बॉबरचं, फेकलं जातं बॉबर, जिग मागून जातं. बॉबरखाली जिग लावून दोन फूट ओढायचं, थांबायचं, दहापर्यंत मोजायचं, परत ओढायचं. त्या थांबण्यातच मासा लागतो. नवशिके थांबत नाहीत, रीळ फिरवत सुटतात.

एक बारीक गोष्ट, जी डबीवर लिहिलेली नसते. जिगची गाठ कुठे आहे ते दर दोन-चार फेकींनंतर बघ. गाठ सरकून पुढच्या बाजूला गेली की जिग नाक वर करून उभं लटकतं, आणि पाण्यात कुठला किडा किंवा मासळी असं फाशी दिल्यासारखं लटकत नाही. नखाने गाठ मागे सरकव, मधोमध वरच्या बाजूला, म्हणजे जिग आडवं राहील. मी शेजारच्याला हे एवढं करून दिलं आणि पुढच्या फेकीला त्याला मासा लागलेला पाहिलाय, योगायोग असेल, पण मी तरी बघतोच.

रंगाचं माझं मत असं की स्वच्छ पाण्यात पांढरा किंवा पाण्याशी मिळताजुळता, गढूळ पाण्यात काळा नाहीतर तो झणझणीत पोपटी-पिवळा. एवढे तीन-चार पुरेत. बाकी भिंत माणसं पकडायला आहे. आणि वेगवेगळ्या कंपन्यांचं प्लास्टिक एकाच खणात कोंबू नकोस, काही मिश्रणं एकमेकांना खातात, माझा एक आख्खा डबा उन्हाळ्यात गाडीत राहिला आणि उघडला तर आत जेलीचा रंगीत गोळा.

आणि मधला मार्ग आहे, जो मी सगळ्यात जास्त वापरतो: छोटं जिग आणि त्याच्या टोकाला एक वॅक्सवर्म. दोन्हीचं बरं ते घ्यायचं. जिग सावकाश खाली जातं, लक्ष वेधतं, आणि तोंडात गेल्यावर चव खरी असल्यामुळे मासा धरून ठेवतो. वास लावलेलं नकली आमिष पण मिळतं, बर्कलीचं गल्प म्हणून, ते चालतं चांगलं, फक्त गळावर तसंच ठेवून घरी आलास तर सकाळी दगड झालेलं असतं, ब्लेडने खरवडून काढावं लागतं.

हिवाळ्याचं फार सांगत नाही, तुमचा पहिलाच आहे, आधी तो निभावू दे. एवढंच की बर्फातल्या भोकातून ३-४ मिलिमीटरचं टंगस्टन जिग आणि त्यावर एक-दोन स्पाइक, २ पौंडी दोरी, आणि जवळजवळ काहीच हलवायचं नाही. स्वच्छ टणक बर्फ निदान ४ इंच असल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, आणि एकट्याने तर नाहीच.

आता काही गोष्टी ज्या तू विचारल्या नाहीस पण आमिषाशी जोडलेल्या आहेत. मे अखेर ते जूनमध्ये काठाजवळ उथळ पाण्यात ताटाएवढे गोल खळगे दिसतील, एकाला एक लागून. ती ब्लूगिलची घरटी. आपली चिलापी पण अशीच तळाला खळगे करते, बघितल्या बघितल्या मला गाव आठवतं. फरक एवढा की चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते आणि इथे नर घरट्यावर पहारा देतो. त्या काळात नर कशावरही धावून जातो, गांडूळ, प्लास्टिक, नुसता उघडा गळ, कारण तो खायला नाही तर हाकलायला येतो. तेव्हा आमिष कुठलं हा प्रश्नच नसतो. मुलांना मजा येते, पकडू दे, पण ते मोठे, गडद रंगाचे, छाती केशरी झालेले नर परत सोड. मोठे नर सगळे उचलले की लहान नर घाईने वयात येतात, वाढायच्या आधीच अंड्यांच्या मागे लागतात, आणि मग काही वर्षांनी तलावात नुसते चार-पाच इंची मासे उरतात. खायचेच असतील तर मधल्या साईजचे ठेव.

खाण्यावरून आठवलं, केन्सिंग्टनचा केंट लेक हा ह्युरॉन नदीवरचा आहे आणि त्या पट्ट्यात पीफास नावाची रसायनं सापडल्यामुळे २०१८ मध्ये राज्याने तिथले मासे खाऊ नका अशी सूचना काढली होती. म्हणून मी तिथे नुसते पकडतो आणि सोडतो. खायचे असतील तेव्हा आधी राज्याची ईट सेफ फिश गाईड उघडून तलावाचं नाव बघायचं आणि मगच रवा-तिखट-आगळ काढायचं.

सोडणार असशील तर आमिषाचा आणखी एक मुद्दा येतो. जिवंत आमिष मासा खोल गिळतो, पोरांनी उशिरा ओढलं तर गळ घशात गेलेला असतो, आणि ओढाताण करून काढलास तर तो मासा सोडूनही मरतो. अशा वेळी दोरी तोंडाशी कापून टाक, गळासकट सोड, त्याला जगायची संधी जास्त असते. प्लास्टिक बहुतेक वेळा ओठातच लागतं. म्हणून नऊ वर्षांच्या पोराचा हात बसला की त्याला हळूहळू जिगवर आण. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलास तर अजून चांगलं, आणि कधी तो काटा माशाऐवजी पोराच्या कानात गेला तर (जातो, माझ्या स्वतःच्या टोपीतून गेलाय) निघतो पण सहज.

उरलेलं आमिष पाण्यात किंवा काठावरच्या झाडीत टाकायचं नाही, हे आपल्या लोकांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. मिन्नोंमधून रोग पसरतात, २००५-०६ च्या सुमारास ग्रेट लेक्समध्ये व्हीएचएस नावाच्या विषाणूने ढिगाने मासे मेले होते. आणि गांडूळ शेतकऱ्याचा मित्र असं शाळेत शिकलो ना आपण, इथे उलटं आहे. हिमयुगातल्या बर्फाखाली गेलेल्या या भागात मूळची गांडुळं उरलीच नव्हती, जी आहेत ती बाहेरून आलेली. इथलं मेपलचं जंगल पडलेल्या पानांच्या जाड थरावर जगतं, आणि गांडुळं तो थर फस्त करतात. त्यामुळे उरलेली गांडुळं डब्यासकट घरी आणायची नाहीतर बांधून कचऱ्यात.

लायसन्स १७ वर्षांपासून पुढे लागतं, म्हणजे मुलांना नको, तुला हवं, त्यांना मदत करताना तुझ्याही हातात काठी येणारच. दरवर्षी फेब्रुवारी आणि जूनमध्ये एकेक वीकेंड लायसन्सशिवाय मासेमारीला मोकळा असतो, पहिला प्रयोग तेव्हा करता येईल. पहिल्या दिवशी एक डबा गांडूळ, ८ नंबरचे गळ, दोन छोटे बॉबर आणि गळ काढायला ती डॉक्टरांची आर्टरी फोर्सेप्स, एवढंच ने. एक पांढरं जिग खिशात ठेव, मुलं सँडविच खायला बसली की तू टाकून बघ.

राहता राहिला फ्रीज. वहिनींचं म्हणणं रास्त आहे. नाईटक्रॉलरला फ्रीजइतकाच गारवा लागतो, वॅक्सवर्मला त्याहून जरा कमी, फार गार झालं तर काळे पडून मरतात आणि उबेत राहिले तर कोष करून मोकळे. त्यावर उपाय म्हणून गॅरेजमध्ये एक छोटा कूलर आणि त्यात रोज बदलायची बर्फाची बाटली. मी हे शहाणपण उशिरा शिकलो. आधी माझी गांडुळं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असायची, आणि एका गुढीपाडव्याला पाहुणे आलेले असताना सासूबाईंनी तो डबा उघडला. त्या दिवसापासून आमच्या घरात श्रीखंडाचा डबा रिकामा झाला की आधी झाकण फोडून टाकतात, मग मला दाखवतात.